गोळीचा खाडा नको



ऊसतोडीच्या हंगामात साठी उलटलेले एक काका आमच्याकडे आले. एचआयव्हीची गोळी ते बरीच वर्षे घेत आहेत. बोलता बोलता म्हणाले, "फादर, ताडी घेतली की त्या रात्री गोळी घेत नाही. दोन्ही पोटात एकत्र गेली तर विष होतं ना?" महिन्यातून अशा किती रात्री येतात, असे विचारताच त्यांनी मान खाली घातली.

हा समज अनेकांचा आहे आणि तो चुकीचा आहे. सरकारी केंद्रांत आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दारूशी मिळून त्या गोळीचे विष होत नाही. दारू यकृताला मारते, हे खरेच; पण प्यायलो म्हणून गोळी टाळली, तर एका नुकसानीत दुसऱ्याची भर पडते.

कपाशीवर फवारणी अर्धीमुर्धी झाली तर काय होते, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. नाजूक अळी मरते, चिवट अळी उरते आणि पुढे तिला ते औषध लागू पडत नाही. गोळीचे खाडे पडले की विषाणूचेही तसेच होते.

सरकारने ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला. तेव्हा चाळिशीत असलेले आज साठीत आहेत, ही देवाची कृपाच. परंतु म्हातारपणी शरीरातील पाण्याचा अंश कमी होतो, त्यामुळे पूर्वी पचणारा पेला आता जास्त चढतो. तोल जातो, हाड मोडते. जोडीला झोपेची गोळी असेल तर श्वासही मंदावतो. आमच्या आजीबाईंनी मशेरीला व्यसन म्हणायचे नाही असे ठरवलेले दिसते! तंबाखूने हृदयविकार व तोंडाचा कर्करोग होतो, आणि एचआयव्ही असलेल्यांस हा धोका अधिक आहे.

गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. त्यामुळे पिणारा सांगत नाही आणि पेल्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे मिथाइल अल्कोहोलने चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यात एचआयव्हीचे गुपित. मग डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाही. आम्ही धर्मगुरूही यात निर्दोष नाही. वेदीवरून दारूला आम्ही असे झोडपतो की पिणारा मिस्सेलाच येईनासा होतो.

सुरतेच्या नव्या सिव्हिल इस्पितळातील एआरटी केंद्रात जाल तेव्हा किती पितो, काय पितो, हे स्पष्ट सांगा. क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिड चालू असेल तर हे सांगणे फारच जरुरीचे, कारण दारू आणि ते औषध दोन्ही यकृतावरच येतात. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा एचआयव्ही कोणी उघड करू नये, असा २०१७ चा कायदा आहे. पिणाऱ्यास आम्लपित्त असतेच. तर एचआयव्हीची गोळी आधी घ्यावी आणि आम्लपित्ताचे औषध किमान दोन तासांनी.

घरच्यांस एक विनंती. रोज भरपूर पिणाऱ्या म्हाताऱ्याची बाटली शपथ घालून एकाएकी बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे सरकारी फोन विनामूल्य आहेत.

आमचे काका आता डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी भाकरीबरोबर घेतात. सून डबीतल्या गोळ्या मोजते. ताडी अजून सुटलेली नाही; पुढच्या महिन्यात आम्ही त्यांच्याबरोबर सुरतेला जाणार आहोत.