बोर्डाला दोष देण्याआधी

कोल्हापूर,
श्रावण शु. ३

चिरंजीव भाच्यास,


काल रात्री रत्नागिरीहून तुझा फोन आला. ‘मामा, फ्रिजच्या स्क्रीनवर कम्युनिकेशनचा एरर येतोय, मेन बोर्ड मागवू का?’ मी तुला थांबायला सांगितलं. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तेवढा एक फ्रिज सुटला असता. लिहून दिलेलं पुढच्या फ्रिजलाही कामाला येईल, म्हणून हे पत्र.

तो एरर काय म्हणतो हे आधी नीट समजून घे. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये एक मेन बोर्ड असतो, दारावर डिस्प्लेचा बोर्ड असतो आणि कॉम्प्रेसर चालवणारा इन्व्हर्टर बोर्ड असतो. हा तिसरा काही मॉडेलमध्ये वेगळा, तर काहींत मेन बोर्डावरच असतो. हे बोर्ड एकमेकांना सतत निरोप धाडतात. ठरल्या वेळात उत्तर आलं नाही की एरर लागतो. म्हणजे निरोप पोचला नाही, एवढंच तो सांगतो. सांगणारा मुका झाला, ऐकणारा बहिरा झाला की मधली वाट तुटली, हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधण्यासाठीच लोक आपल्याला घरात बोलावतात.

माझी एक चूक तुला सांगतो. इन्व्हर्टर फ्रिज आपल्याकडे नुकतेच येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या फ्रिजवर हाच एरर होता. मी कोड पाहिला, बोर्ड मागवला, बसवला, एरर गेला. बाईंनी पैसे दिले. आठ दिवसांनी एरर परत हजर. तेव्हा मी दाराच्या वरच्या बिजागरीचं झाकण काढलं. डिस्प्लेकडे जाणाऱ्या चार वायरींपैकी एक आतून तुटलेली होती. वरचं प्लॅस्टिक अखंड, तांबं मात्र तुटलेलं. दार उघडता-मिटता ती कधी टेकायची, कधी सुटायची. मी जुना बोर्ड परत लावला, वायर बदलली, बाईंचे पैसे परत दिले. त्या जुन्या बोर्डात काहीच बिघाड नव्हता. बाईंचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये असायचं. आतली थंडी कायम होती, तरी स्क्रीनवरचा कोड पाहून त्या घाबरल्या आणि कोड दिसत होता तोवर रोज दोनदा जिना उतरून शेजारच्यांच्या फ्रिजमधून इन्सुलिन आणत राहिल्या. पैसे परत करता आले, तो जिना परत करता आला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की धरली आहे. नवा बोर्ड लावताना आपण सगळे कनेक्टर काढून पुन्हा दाबतो, वायरी हलवतो. एवढ्यानेच बऱ्याचदा एरर जातो आणि श्रेय बोर्डाला मिळतं. म्हणून बोर्ड बदलून एरर गेला, तर जुना बोर्ड एकदा परत लावून बघ. एरर परत आला तरच तो बोर्ड दोषी.

आता काम कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

स्क्रू खोलण्याआधी कॉम्प्रेसरला हात लाव, पंख्याचा आवाज ऐक. डिस्प्लेशी बोलणं तुटलं असेल तर बहुतेक फ्रिज आत थंड होत राहतात, फक्त दारावरची बटणं ऐकत नाहीत. इन्व्हर्टरशी तुटलं असेल तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर गप्प असतो. कोण कोणाशी बोलत नाही हे इथेच निम्मं कळतं. मग प्लग काढून दहा मिनिटांनी लाव. एरर गेला तरी वहीत नोंद कर आणि पुढची तपासणी सोडू नकोस. गेलेला एरर परत येतो.

झाकण काढल्यावर घाई नको. २३० व्होल्टचं डीसी झालं की मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. आधी मीटरने मोज, दिव्यातून किंवा रेझिस्टरमधून उतरव, पुन्हा मोज. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवणारे तू पाहिले असशील, त्यांचा कित्ता तू गिरवू नकोस. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. गळतीची शंका जरी आली तरी तिथे सोल्डरिंग आयर्न तापवू नकोस, आधी खिडक्या उघड.

आता बिजागरी. दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं आणि प्रत्येक वेळी वायर त्याच जागी वाकते. वीज बंद कर, दोन्ही टोकांचे कनेक्टर काढ, मीटर बीपवर ठेव. एकेका वायरीच्या दोन टोकांना प्रोब लाव आणि घरातल्या कुणाला तरी दार हळूहळू उघडायला-मिटायला सांग. बीप अडखळला की तीच वायर. शेजारच्या दोन वायरी आपसात चिकटल्या आहेत का, तेही बघ. जोड देताना सोल्डर बिजागरीत येऊ देऊ नकोस. सोल्डरने वायर कडक होते आणि त्याच्या कडेला पुन्हा तुटते. बिजागरीतून मऊ, बारीक तारांची अखंड वायर ओवून घे, जोड दोन्ही बाजूंना लांब दे, वर स्लीव्ह चढव आणि थोडी ढील ठेव.

तुझ्याकडे समुद्र आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढ. पॉलिश पेपर लावलास तर पिनेवरचा मुलामा जाईल आणि पुढच्या पावसात ती आणखी लवकर गंजेल. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघ, पिन मागे सरकलेली असते. मागच्या बाजूने उंदराचे दातही बघ. बोर्डाच्या उबेला मुंग्या आणि पाली येऊन बसतात.

वायरींची तपासणी झाली की सप्लाय. डिस्प्लेच्या कनेक्टरवर १२ किंवा ५ व्होल्ट, जे त्या मॉडेलच्या कागदावर असतील, ते कनेक्टर लावलेल्या अवस्थेत मोज. मेन बोर्डावर ५ आणि दारात ४.२ आले तर मधली वायर किंवा पिन व्होल्टेज खाते आहे. मेन बोर्डावरच कमी असतील किंवा आकडा डुलत असेल तर सप्लायचे फुगलेले, सुकलेले कॅपॅसिटर बघ. काळा प्रोब कुठे ठेवतोस याकडे लक्ष दे. इन्व्हर्टरच्या बाजूचा ग्राउंड आणि डिस्प्लेच्या बाजूचा ग्राउंड बऱ्याच बोर्डांवर एक नसतो, तिथे निरोप ऑप्टोकपलरमधून उजेडाच्या रूपाने पलीकडे जातो. चुकीच्या ग्राउंडवर घेतलेलं रीडिंग खोटं असतं आणि कधी झटकाही देतं.

शेवटी निरोपाची तार. बोलणं नसताना ती सहसा ५ व्होल्टवर, काही बोर्डांत ३.३ वर उभी असते. बोलणं चालू असलं की मीटरचा आकडा त्याच्या खाली थरथरतो. आकडा शून्यावर किंवा पूर्ण व्होल्टवर दगडासारखा स्थिर असेल तर तिथे कोणी बोलत नाही. मेन बोर्डाच्या पिनेवर थरथर आहे आणि दारात नाही, तर वाट तुटली. दारात पोचते पण उलट उत्तर येत नाही, तर डिस्प्लेवर संशय घे. तार शून्यावर आहे आणि डिस्प्ले काढताच वर येते, तर डिस्प्लेच तिला खाली ओढतो आहे. इतकं झाल्यावरही मेन बोर्डाची पिन मुकी राहिली, तर खुशाल बोर्ड मागव. तेव्हा तो अंदाज नसेल.

आता पैशाचं. वायर बदलली म्हणून मजुरी घेताना संकोचू नकोस. तुझा दीड तास आणि तुझी नजर यांचे ते पैसे आहेत. घरच्यांना तुटलेला तुकडा दाखव, काय झालं होतं ते सांग. काम एका दिवसात उरकणार नसेल तर आत थर्मामीटर ठेवून दे आणि घरात इन्सुलिन आहे का ते आवर्जून विचार. ते २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. आकडा बघून ते घर निर्धास्त झोपेल.

उद्या संध्याकाळी मला चार गोष्टी कळव: मेन बोर्डावरचे व्होल्ट, दारातले व्होल्ट, निरोपाच्या तारेचा आकडा आणि बिजागरीत बीप अडखळला का. तोवर बोर्डाची ऑर्डर देऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग. पावसात गाडी जपून चालव.

तुझा,
मामा