नटाचा देह आणि प्रयोगातील ‘घात’

नाटकाची संहिता छापील रूपात स्थिर असते; प्रयोग मात्र नटाच्या जित्याजागत्या देहावर उभा असतो. हा देह प्रयोग चालू असतानाच दुखावला किंवा व्याधीने खचला, तर भूमिकेचे काय होते? नाट्यविषयक आठवणींत अशा घटना ‘किस्सा’ म्हणून येतात. नाट्यविचारात त्यांना क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार अभिप्रेत आहे.

प्राचीन नाट्यविचाराने हा प्रश्न दुर्लक्षिलेला नाही. ‘नाट्यशास्त्रा’च्या २७ व्या अध्यायात नाट्यसिद्धीची चर्चा येते आणि सिद्धीत बाधा आणणाऱ्या गोष्टींना तेथे ‘घात’ ही संज्ञा योजलेली आहे. वारा, अग्नी, पाऊस यांमुळे होणारे घात दैवी. प्रतिपक्षाने घडवून आणलेले परसमुत्थ. तर नटाकडूनच होणारे आत्मसमुत्थ. या शेवटच्या वर्गात स्मृतिभ्रंश, मुकुट वा आभरण गळून पडणे यांच्या जोडीने आर्तनादाचाही उल्लेख आहे. पात्राचा आर्तनाद हा अभिनयाचा भाग असतो. नटाचा स्वतःचा आर्तनाद हा घात ठरतो. कानाला दोन्ही सारखेच वाटू शकतात. म्हणूनच प्रेक्षकाला हा भेद कळतो किंवा कळत नाही, यावर प्रयोगाची सिद्धी अवलंबून राहते.

हा भेद प्रेक्षकाला कळू न देण्याचा प्रयत्न मोलिएरच्या अखेरच्या प्रयोगात दिसतो. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिस येथे ‘ल मालाद इमाजिनेर’ या त्याच्या प्रहसनाचा चौथा प्रयोग होता. स्वतःला रोगी समजणाऱ्या धडधाकट आरगाँची भूमिका छातीच्या विकाराने जर्जर झालेला मोलिएर करीत होता. शेवटच्या प्रवेशात त्याला आचका आला आणि तो त्याने हसण्याच्या आविर्भावात लपविला, असे परंपरा सांगते. त्याच रात्री घरी त्याचे निधन झाले. प्रयोग रद्द करण्याचा आग्रह त्याने मानला नाही, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या सुमारे ५० कामगारांची त्याला चिंता होती, असे ग्रिमारेस्तने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात नमूद केले आहे. ही हकीकत खरी धरल्यास त्या निर्णयामागे कलानिष्ठेइतकेच मंडळीचे अर्थकारणही होते, असे म्हणावे लागते.

याच मोलिएरने शारीरिक व्यंगाला संहितेतही सामावून घेतले होते. ‘लाव्हार’ (१६६८) मध्ये हार्पागाँच्या खोकल्याचा उल्लेख येतो आणि ती भूमिका खोकल्याने त्रस्त असलेला लेखक स्वतः करीत असे. त्याच नाटकातील ला फ्लेश या नोकराला ‘लंगडा’ म्हटले जाते. ती भूमिका करणारा लुई बेजार खरोखरच लंगडत असे. येथे घाताचे रूपांतर पात्राच्या लक्षणात होते. आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ या नाटकावर आधारलेले आहे. नटाच्या देहामुळे संहितेत आलेल्या अशा खुणांचे रूपांतरात काय होते, हे अभ्यासकांनी तपासावयास हवे.

देह झाकताही येत नाही आणि सामावूनही घेता येत नाही, अशी अवस्था एडमंड कीनच्या बाबतीत आली. २५ मार्च १८३३ रोजी लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये तो ऑथेल्लोची आणि त्याचा मुलगा चार्ल्स इयागोची भूमिका करीत होता. तिसऱ्या अंकात, ऑथेल्लो आपल्या वीरजीवनाचा निरोप घेतो त्या भाषणानंतर, कीन मुलाच्या बाहूंत कोसळला. आपण मरत आहोत, प्रेक्षकांशी तूच बोल, असे त्याने मुलाला सांगितले. त्या क्षणी इयागो लोपला आणि पुत्र उरला. प्रयोग खंडित झाला. १५ मे १८३३ रोजी कीनचा मृत्यू झाला. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे ऑथेल्लोशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या योगायोगातील करुणा वेगळी सांगावयास नको.

सारा बर्नारचे उदाहरण याहून निराळे आहे. १९०५ साली रिओ दि जानेरो येथे ‘ला तोस्का’च्या अखेरीस तटावरून उडी घेताना तिच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली, पलीकडील गाद्या जागेवर नव्हत्या, असे सांगितले जाते. १९१५ मध्ये तो पाय कापावा लागला. त्यानंतरही तिने बैठ्या वा शय्येवरील भूमिका निवडून रंगभूमी सोडली नाही; १९२० च्या ‘आताली’मध्ये ती पालखीतून रंगमंचावर आली. प्रेक्षकांना सारे ठाऊक होते. येथे घात लपविला गेला नाही. त्याच्या मर्यादेतच प्रयोगाची नवी रचना झाली.

झाकणे, सामावणे, खंडित होणे आणि नव्याने रचणे असे चार प्रकार यांतून हाती येतात. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कन्येच्या मृत्यूचे दुःख बाजूस ठेवून उभे राहिलेले बालगंधर्व मराठी नाट्यस्मृतीत पहिल्या प्रकाराचे प्रतीक ठरले आहेत, मात्र तेथील आघात देहावरचा नसून मनावरचा होता. या निष्ठेविषयी आदर बाळगूनही एक सावधगिरी आवश्यक आहे. सहन करणाऱ्या नटाचा गौरव करताना कोसळलेल्या नटाला उणे लेखले जाते आणि प्रयोग थांबविण्याचे स्वातंत्र्य त्याला होते काय, हा प्रश्न मागे पडतो. कीनचा अपुरा प्रयोग मोलिएरच्या पूर्ण प्रयोगाइतकाच अभ्यासनीय आहे. दोहोंतही पात्राच्या मागे एक श्रमणारा, दुखणारा देह होता. नाटकाचे अध्यापन केवळ संहितेपुरते राहिले, तर नेमका तोच दृष्टीआड होतो.