शाकारणीच्या यादीत शटर



जामसरच्या घराला पुढून गाळा काढलास, पिकअप आत राहील अशी सोय केलीस आणि लोखंडी शटर बसवलंस, हे कळलं. चांगलं झालं. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला घर राखायला शिकवावं लागत नाही. कारवीच्या कुडाला शेणामातीचा हात देणं, कौलं परतणं, फुटकी बदलणं, पावसाच्या माऱ्याची बाजू झाकून घेणं ही कामं मृगाआधी उरकतातच. शटर मात्र या यादीत कोणी धरत नाही. लोखंडाचं आहे, त्याला काय होणार, असं म्हणून ते तसंच राहतं आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर एके सकाळी अर्ध्यावर अडकतं. गाडी आत, माल बाहेर.

म्हणून त्याची रचना आधी समजून घेतलेली बरी. आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच शटराचं वजन पन्नास किलोंच्या पुढे सहज जातं. तरी घरातली म्हातारी बाईसुद्धा ते वर सारते, कारण वजन तिच्या हातावर नसतंच. ते वरच्या पाइपावर बसवलेल्या पोलादी स्प्रिंगांवर असतं. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि उतरणाऱ्या वजनाचा जोर स्वतःत साठवते. वर नेताना तोच जोर परत मिळतो. शटर पूर्ण बंद असतं तेव्हा स्प्रिंग सर्वांत जास्त ताणात असते.

तिची परीक्षा सोपी आहे. शटर कमरेएवढं उघडावं आणि हात हळूच सैल करावा, पाय मात्र खाली ठेवू नयेत. जागीच थांबलं किंवा बोटभर हललं, तर तोल ठीक. धाडकन खाली येऊ लागलं तर स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली. आपोआप वर पळालं तर ताण जास्त झाला. दोन्हींचा इलाज घरच्या पान्याने करायचा नाही. ताणातली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, डोळा जातो. परदेशातल्या गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंगा साधारण १०,००० वेळा उघडझाप होईल, असा हिशोब धरून बनवतात. दिवसाला चार उघडझापी धरल्या तर सात वर्षांच्या आतच हा आकडा गाठला जातो. स्प्रिंग झिजते आणि तुटते, हे धरूनच चालावं. ते काम जव्हारच्या जाणत्या शटरवाल्याला बोलावून करावं आणि पैसे वाचवायच्या नादात गावातल्या हौशी पोराला शिडीवर चढवू नये.

बाकीची निगा मात्र घरच्या माणसाचीच. आयएस ६२४८ या भारतीय मानकात साडेतीन मीटर रुंदीपर्यंतच्या शटराची पट्टी किमान ०.९ मिलिमीटर जाडीची सांगितली आहे. म्हणजे मिलिमीटरभरही नाही. आणि या डोंगरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गंज नेहमी खालून चढतो. अंगणातला लाल चिखल उडून सर्वांत खालच्या पट्टीवर बसतो आणि तिथेच ओला राहतो. शटर ज्या खाचांतून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या गाईडच्या तळाशी पाणी, पाला आणि माती साचते. मे महिन्यात तारेच्या ब्रशने तो भाग घासून कोरडा करावा. काळ्या पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात देऊन वर ऑइलपेंट लावावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड नीट धरत नाही, त्याला रंगाच्या दुकानातून त्यासाठीचा वेगळा प्रायमर आणावा लागतो. गाईडमध्ये पाणी तुंबत असेल तर तळाशी निघायला वाट करून घ्यावी. उंबरठ्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला, तर निम्मं दुखणं तिथेच थांबतं.

तेलाची एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. शटर करकरलं की गाईडमध्ये मूठभर ग्रीस भरतात. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ त्यात बसते, तिचा खरखरीत लगदा होतो आणि पट्ट्यांची टोकं त्यात घासली जातात. ग्रीस बेअरिंगला द्यावं. गाईड आधी कोरड्या फडक्याने पुसावं, मग मशीनच्या पातळ तेलात भिजवलेलं फडकं फिरवावं. डब्यातल्या फवाऱ्याचाही असाच गैरसमज आहे. डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत, सॅन डिएगोला, धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं. अडकलेलं कुलूप सोडवायला ते उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो. कुलूप मोकळं झालं की नंतर तेल द्यावंच लागतं.

या भागातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तुझ्याही शेजारची घरं अशी बंद असतात. महिनोन् महिने न हललेलं शटर पट्ट्यांच्या सांध्यांत धरतं आणि ते गुंडाळलं जातं त्या वरच्या पेटीत गांधीलमाश्या, उंदीर, कधी उंदरामागे सापही येतो. अशा घराची किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवून महिन्यातून एकदा शटर वर-खाली करायला सांगावं. परत आल्यावर पहिल्यांदा उघडताना आकड्याने, थोडं बाजूला उभं राहून उघडावं.

पुढेमागे मोटर बसवायचा विचार आला, तर दोन गोष्टी आधी विचार: अडथळा लागताच दार उलटं फिरतं का आणि वीज नसताना ते हाताने उघडतं का. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दारांखाली मुलं सापडून मरू लागली, तेव्हा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मोटरला दाराखाली कोणी सापडू नये यासाठीची सोय सक्तीची झाली. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली, दारं उघडली नाहीत आणि काही वृद्ध गॅरेजमध्येच अडकून मरण पावले. १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या मोटरसोबत बॅटरी असणं बंधनकारक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की रात्र अंधारात जाते. हाताने उघडायची साखळी नसलेली मोटर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. पोरांना शटराला लोंबकळू देऊ नकोस, पट्ट्यांच्या फटीत बोटं घालू देऊ नकोस. आणि थंडीच्या सकाळी शटर बंद ठेवून आत गाडी चालू करून ठेवायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, बंद गाळ्यात माणूस बसल्याजागी बेशुद्ध पडतो.

मृगाआधीची पाहणी झाली तरी पावसाळ्यानंतरची राहते. ती दसऱ्याला करावी. गाडी धुतली जाते, पूजा होते, हातात फडकं आणि तेल असतंच. खालच्या पट्टीचा रंग फुगलाय का, बाजूच्या कड्या भोकात पूर्ण बसतात का, जमिनीतल्या कुलपाच्या भोकात चिखल भरलाय का आणि अर्ध्यावर सोडलेलं शटर थांबतं का, एवढं बघायचं. भात कापणीला यायच्या आत शटरवाल्याला निरोप गेला, तर तो वेळेवर येतो. नंतर त्यालाही कापणी असते.

तुझा
मामा