पेटमध्ये उजळलेली गाठ

एरंडोलात कुणाच्या छातीत गाठ निघाली की हल्ली नात्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘सुई-बिई नको, सरळ पेट स्कॅन करा, काय ते कळून जाईल.’ सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही धास्ती माझ्या जाऊबाईंनीही घातली होती. डॉक्टरांनी मात्र आधी हाताने तपासलं, मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि शेवटी जाड सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. डाव्या स्तनात कॅन्सर आहे हे त्या तुकड्यानेच सांगितलं. पेटची पाळी त्यानंतर आली. गाठ मोठी होती, डाव्या काखेतही गाठी लागत होत्या, म्हणून आजार आणखी कुठे पोचलाय का ते पाहायला.

पेटमध्ये शिरेतून किरणोत्सारी साखर सोडतात, एफडीजी. जी पेशी जास्त साखर ओढते ती पडद्यावर उजळते. कॅन्सरच्या पेशी खादाड, पण प्रत्येक खादाड पेशी कॅन्सरची नसते. क्षयाच्या गाठी, ताजी जखम, दूध पाजणाऱ्या बाईचे स्तन, नुकती लस घेतलेल्या हाताची काख, सगळंच उजळू शकतं. उलट सेंटिमीटरहून लहान गाठ किंवा लोब्युलर प्रकारचा कॅन्सर निसटूही शकतो. म्हणून ‘पेट स्वच्छ आला’ म्हणून हाताला लागणारी गाठ विसरू नका.

माझी उजवी काख उजळली. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी भाच्याच्या मोबाइलवर आला आणि त्याने इंटरनेटवर शोधून घरात ‘चौथी स्टेज’ जाहीर केली. दोन दिवस चूल नीट पेटली नाही. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, नुसत्या उजेडावर मी स्टेज ठरवत नाही.’ उजव्या काखेतही सुई घातली. निघाला क्षय! उपचाराचा सगळा आराखडा त्या एका सुईने बदलला. रिपोर्टमधला ‘एसयूव्ही’चा, म्हणजे गाठीने किती साखर ओढली त्याचा, आकडा वाचून कुणी तुम्हाला घाबरवलं, तर त्याला विचारा, तुकडा तपासला का?

तयारीचंही सांगते. चार ते सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. आम्ही जळगावकडचे, पिशवीत केळी असणारच. ती गाडीतच ठेवा. मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचं आधीच विचारून घ्या, रक्तातली साखर 200च्या वर गेली तर बहुधा तारीख पुढे ढकलतात. वेळेवर पोचा, कारण एफडीजीचा किरणोत्सार 110 मिनिटांत निम्मा होतो. सुई दिल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. बोलणं, चघळणं नाही, नाहीतर त्या स्नायूंतही साखर जाते. अंगावर शाल घ्या, गारठ्याने मानेजवळची चरबीही उजळते. घरी गेल्यावर भरपूर पाणी प्या, त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेऊ नका.

आणि जाताना एका कागदावर लिहून न्या: आधी क्षय झाला होता का, घरात कुणाला आहे का, लस कधी आणि कोणत्या दंडावर घेतली, सुई किंवा ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं.