ब्रायटनची वारी

ज्या वस्तूचा उपयोग संपला ती अडगळीत टाकावी, असा जगाचा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु इंग्लंडमध्ये नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या रविवारी याच्या अगदी उलट देखावा दृष्टीस पडतो. लंडन शहरातील हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात भल्या पहाटे शेकडो जुनाट मोटारगाड्या गोळा होतात. प्रत्येक गाडी १ जानेवारी १९०५ पूर्वी बांधलेली असलीच पाहिजे, असा येथील दंडक आहे. कोणा गाडीला छत नाही, कोणाला समोरची काच नाही, तर कोणाला वळविण्यासाठी चक्राऐवजी नुसता एक दांडा आहे. सूर्योदय होताच या साऱ्या आजीबाई धूर सोडीत, खोकत, डुगडुगत दक्षिणेकडील ब्रायटन या समुद्रकाठच्या शहराकडे निघतात. अंतर सुमारे ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. आजच्या मोटारीला हे अंतर म्हणजे दोन तासांचा खेळ. पण यांतील काही गाड्यांना त्यासाठी सारा दिवस पुरत नाही!

हा प्रघात कसा पडला, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. यंत्राच्या बळावर रस्त्याने धावणाऱ्या वाहनांची पूर्वी इंग्लंडमध्ये लोकांना मोठी धास्ती वाटे. १८६५ च्या कायद्याने अशा वाहनांचा वेग गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढाच ठरवून दिला होता. शिवाय वाहनाच्या पुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालले पाहिजे, असाही नियम होता. वाहन मागे आणि माणूस पुढे! १८७८ मध्ये निशाणाची सक्ती गेली, तरी पुढे चालणारा माणूस राहिलाच. अखेर १८९६ च्या नव्या कायद्याने ही अट रद्द केली आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढविली. तो कायदा अमलात आला त्या दिवशी, म्हणजे १४ नोव्हेंबर १८९६ रोजी, मोटारवाल्यांनी आनंदाने लंडन ते ब्रायटन असा प्रवास केला. निघण्यापूर्वी त्यांनी एक लाल निशाण टराटरा फाडले. १९२७ पासून त्याच प्रवासाची आठवण म्हणून ही यात्रा भरू लागली. महायुद्धाची वर्षे, पेट्रोलच्या टंचाईचे १९४७ हे वर्ष आणि साथीच्या रोगाचे २०२० हे वर्ष वगळता ती चालत आली आहे. आजही निघताना लाल निशाण फाडण्याचा विधी होतो.

मुलांनो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला आणि दुसरा कोण आला, हे येथे जाहीर केले जात नाही. उलट, सरासरी वेग ताशी २० मैलांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन असते. ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचावे, एवढेच अपेक्षित असते. म्हणून या प्रवासाला शर्यत म्हणण्यापेक्षा वारी म्हणणेच अधिक शोभेल. वारीत कोणी कोणाला हरवीत नाही. मागे राहिलेल्याला सोबत घेऊन पुढे जावयाचे असते.

अशी सोबत नसेल तर या गाड्या चालणारच नाहीत. आज मोटार सुरू करावयास एक कळ दाबली की पुरते. त्या काळी गाडीच्या तोंडाशी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. त्यातही युक्ती होती. फिरवण्यापूर्वी ठिणगी किंचित उशिरा पडेल अशा बेताने एक तरफ सरकवून ठेवावी लागे. ते विसरले, तर यंत्र उलट उसळी मारी आणि फिरवणाऱ्याचे मनगटच मोडे. हँडल धरताना अंगठादेखील इतर बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, दांड्याभोवती वळवावयाचा नाही. म्हणजे उसळी बसली तरी हात सुटून येतो. अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी असतात. त्यांतील पुष्कळशा पुस्तकात सापडत नाहीत. त्या जाणत्याच्या तोंडून ऐकाव्या लागतात आणि त्याच्या हाताकडे पाहून शिकाव्या लागतात. सुटे भाग तर बाजारात मुळीच मिळत नाहीत. एखादा दाता झिजला, तर जुना भाग मापून नवा घडवून घ्यावा लागतो. अशा वेळी कोणाजवळ माप असते, कोणाजवळ हत्यार असते आणि कोणाजवळ अनुभव असतो. तिघे एकत्र आले म्हणजे गाडी चालते. हे ओळखूनच १९३० मध्ये या यात्रेनंतर ब्रायटन येथे काही हौशी मंडळींनी जुन्या मोटारींच्या जतनासाठी एक मंडळ स्थापन केले.

ही मंडळी एकत्र जमली म्हणजे गप्पांना ऊत येतो. वाटेत एखादी गाडी अडली, की मागून येणारा थांबतो, टोपी मागे सारून यंत्रात डोकावतो आणि आपले मत देतो. दोघांची मते सहसा जुळत नाहीत! मग वाद, मग हास्य, आणि त्या हास्यातच गाडी सुरू होते. छंदिष्टांचा विनोद बहुधा स्वतःच्याच गाडीवर असतो. “तुमच्या गाडीत माणसे किती बसतात?” असे कोणी विचारावे आणि मालकाने उत्तर द्यावे, “बसतात दोन, ढकलतात चार.” इंग्लंडमधील लोक या यात्रेला प्रेमाने ‘खटाऱ्यांची यात्रा’ अशा अर्थाचे नाव देतात आणि खटाऱ्यांचे मालकही त्यात सामील होतात. १८९६ च्या मूळ प्रवासाविषयीही एक आख्यायिका मोठ्या चवीने सांगितली जाते. एक गाडी म्हणे गुपचूप आगगाडीत चढवून ब्रायटनला नेली आणि तेथे तिला चिखल फासून ती रस्त्याने आल्याचे भासविले! खरेखोटे देव जाणे. पण शंभराहून अधिक वर्षे ही गोष्ट लोकांना हसवीत आहे.

या यात्रेवर १९५३ मध्ये ‘जेनेव्हीव्ह’ नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. हेन्री कॉर्नेलियस हे त्याचे दिग्दर्शक. जेनेव्हीव्ह हे कोणा स्त्रीचे नाव नसून १९०४ सालच्या डाराक बनावटीच्या एका फ्रेंच मोटारीचे नाव आहे. चित्रपटात काम करणारी ती गाडी एके काळी भंगारात पडली होती. हौशी माणसांनी तिचे अवशेष जुळवून तिला पुन्हा रस्त्यावर आणले होते. चित्रपटातील संगीत लॅरी ॲडलर यांचे. माउथऑर्गन हे खिशात मावणारे वाद्य. पण त्याच्या सुरांतून त्यांनी डुगडुगणाऱ्या गाडीची चाल आणि प्रवासाचा उल्हास असा उभा केला की, ते संगीत लोकांच्या ओठांवर राहिले. त्या काळात राजकीय संशयावरून अमेरिकेत ॲडलर यांच्यावर बहिष्कार होता. म्हणून तेथील प्रतींतून त्यांचे नाव काढले गेले आणि संगीताच्या पारितोषिकासाठी दुसऱ्याच नावाची शिफारस झाली. ती चूक १९८६ मध्ये दुरुस्त करण्यात आली. ज्याचे श्रेय त्याला मिळाले. मात्र त्यास तीसहून अधिक वर्षे लागली.

चित्रपटाची कथा गमतीची आहे. ॲलन आणि अँब्रोज हे दोघे मित्र. ब्रायटनला पोहोचल्यावर त्यांचे भांडण होते आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर आधी कोण परततो, यावर ते शंभर पौंडांची पैज लावतात. वारीची शर्यत झाली! मग दोघेही एकमेकांना अडविण्यासाठी नाना खोड्या करतात. पुल जवळ आला असता एक वृद्ध गृहस्थ ॲलनच्या गाडीपाशी येतात. तरुणपणी त्यांच्याजवळ अशीच डाराक गाडी होती. ते जुन्या आठवणी सांगू लागतात. इकडे एकेक क्षण मोलाचा आहे आणि प्रतिस्पर्धी पुढे निघण्याच्या बेतात आहे. ॲलनने काय करावे? त्याला म्हाताऱ्याचे बोलणे तोडवत नाही. तो थांबतो, ऐकतो आणि त्यांना एकदा गाडीतून फिरविण्याचे वचनही देतो. पैज हरण्याची वेळ येते, तरी तो ऐकत राहतो.

पुढे काय झाले म्हणाल, तर अँब्रोजच्या गाडीची चाके ट्रामच्या रुळांत अडकून ती भलतीकडेच गेली आणि बंद पडलेली जेनेव्हीव्ह उतारावरून आपोआप घरंगळत पुलावर पोहोचली. प्रेक्षक पोट धरून हसले. परंतु ॲलनची खरी परीक्षा पुलापूर्वीच झाली होती. ज्याला गाडी प्रिय, त्याला गाडीची आठवण जपणारा माणूसही प्रिय असावयास हवा. नाहीतर त्याचा छंद म्हणजे निव्वळ मिरवणे होय.

अशी गाडी बाळगणे थोड्यांनाच शक्य आहे, हे खरे. पण छंदाला श्रीमंती लागतेच असे नाही. पुढे इंग्लंडमधील एअरफिक्स या कारखान्याने १९०४ च्या डाराक गाडीच्या लहान प्रतिकृतीचे सुटे भाग प्लॅस्टिकमध्ये तयार केले. मुलांनी ते घरी आणावेत आणि गोंदाने जुळवावेत. प्रतिकृतीचे प्रमाण एकास बत्तीस. म्हणजे मूळ गाडी ३ मीटर २० सेंटिमीटर लांब असेल, तर प्रतिकृती १० सेंटिमीटरांची होईल. आपण पुठ्ठा, काड्यापेट्या आणि बाटल्यांची बुचे यांपासूनही अशी गाडी करू शकतो. मात्र प्रत्येक भागाला त्याच प्रमाणाने भागले पाहिजे. चाक मोठे आणि गाडी लहान असे झाले, की प्रतिकृती जाऊन व्यंगचित्र होते! प्रतिकृती करताना हात स्थिर होतो, नजर मोजू लागते आणि मूळ वस्तू कशी चालते हे आपोआप उमगते.

जेनेव्हीव्ह आज नेदरलँड्समधील हेग शहरी मोटारींच्या एका संग्रहालयात आहे आणि तिची प्रतिस्पर्धी असलेली स्पायकर गाडीही तेथेच आहे. लोखंड जपावयास तेल पुरते. परंतु हँडल कसे धरावे, तरफ केव्हा सरकवावी, हे ज्ञान माणसांच्या ठायी असते आणि ते ऐकणारा न मिळाल्यास त्यांच्याबरोबरच जाते. तुमच्या घरी, आळीत वा गावात जुने घड्याळ, शिवणयंत्र किंवा सायकल जाणणारे कोणी वडीलधारे असतील. ते सांगू लागले, तर घाई असली तरी क्षणभर थांबा.

स्वाध्याय

१. लंडन ते ब्रायटन या प्रवासाला शर्यत न म्हणता वारी का म्हटले आहे?
२. जुनी मोटार सुरू करताना कोणती काळजी घ्यावी लागे आणि का?
३. ‘ॲलनची खरी परीक्षा पुलापूर्वीच झाली होती.’ स्पष्ट करा.
४. तुमच्या वर्गातील फळ्याची लांबी-रुंदी मोजा व एकास बत्तीस या प्रमाणात त्याची आकृती काढा.
५. एखाद्या जुन्या वस्तूविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत लिहा.