बियांपासून जिवंत कुंपण

मुलांनो, 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण तुम्हाला पाठ आहे. पण शेळीची धाव कुठपर्यंत? कुंपण दाट असेल तर कुंपणापर्यंत, आणि मोडकं असेल तर थेट आपल्या रोपांपर्यंत! पावसाळ्यात आपण हौसेने झाडे लावतो, उन्हाळ्यात तांब्या-तांब्याने पाणी घालतो. पण एखादी शेळी आत शिरली की वर्षाची मेहनत एका दुपारी फस्त होते. यात शेळीचा दोष नाही. हिरवा पाला दिसला, तिने खाल्ला. राखण करण्याचं काम आपलं आहे. म्हणून आज मी तुम्हाला जिवंत कुंपणाची माहिती सांगणार आहे.

मेलेलं कुंपण आणि जिवंत कुंपण

बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडून रचल्या की काट्यांचं कुंपण होतं. ते एका दिवसात उभं राहतं, हा त्याचा गुण. पण पुढे फांद्या वाळतात, त्यांना वाळवी लागते, पावसात त्या कुजतात. वर्ष सरलं की पुन्हा कोयता घ्यायचा. म्हणजे दहा रोपं वाचवायला दरवर्षी दुसरी झाडं तोडायची! हा हिशोब बरा नाही.

तीच बाभूळ, तीच बोर आपण बी पेरून ओळीने वाढवली तर? मग कुंपण कुजत नाही, उलट दरवर्षी दाट होतं. त्यात पाखरं घरटी करतात आणि आपल्याला बोरं मिळतात ती वेगळीच.

तापीकाठची एक जुनी गोष्ट

आपल्या तापीच्या काठाने वर गेलं की मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर लागतं. इंग्रजांच्या राज्यात पंजाबापासून या बऱ्हाणपुरापर्यंत शेकडो मैलांचं एक प्रचंड कुंपण होतं. ते कशासाठी? मिठावर जबर कर होता. कर न भरता कुणी मीठ पलीकडे नेऊ नये म्हणून!

आधी ते वाळलेल्या काट्यांचंच होतं. पण त्याला वाळवी लागे, आग लागे, वादळात ते उडून जाई. तेव्हा अ‍ॅलन ह्यूम नावाच्या अधिकाऱ्याने 1867 ते 1870 या काळात जिवंत कुंपण वाढवण्यावर भर दिला. हेच ह्यूम पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. त्या कुंपणात कोणती झाडं होती, ठाऊक आहे? बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग. काही ठिकाणी ते 12 फूट उंच झालं होतं. 1879 साली ती व्यवस्था बंद झाली आणि कुंपण नाहीसं झालं.

गरिबाच्या तोंडचं मीठ अडवायला झाडं लावली, हे वाईटच. पण बोरी-बाभळीचं कुंपण किती भक्कम होतं, हे त्यावरून कळतं. आपण तेच कुंपण चांगल्या कामाला लावू.

हे झाड शाळेजवळ नको

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, पुष्कळ ठिकाणी कुंपणाला लावतात. ती अमेरिकेतून आलेली. फांदी खोचली की जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण तिच्या बिया विषारी आहेत. चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात, मग उलट्या-जुलाब होऊन दवाखाना गाठावा लागतो. अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून नीट लक्षात ठेवा : चंद्रज्योतीची बी कुणी दिली तरी तोंडात घालायची नाही. मुलं खेळतात तिथे बोरीचं कुंपण बरं. काटा टोचेल, पण फळ गोड!

बियांची झोप कशी मोडायची?

बी पेरली की लगेच उगवतेच असं नाही. काही बियांचं कवच फार टणक असतं. पाणी आत शिरेपर्यंत बी झोपलेली राहते. प्रत्येकीला उठवण्याची रीत निराळी.

बोर : दत्तजयंतीची यात्रा उलगडली की पुढे बोरांचे दिवस. खाल्लेल्या बोरांच्या बिया धुऊन सावलीत वाळवा आणि मडक्यात ठेवा. पेरण्याआधी पाण्यात टाका. तरंगतील त्या पोकळ, त्या काढून टाका. बी दगडावर ठेवून लहान दगडाने हलकेच फोडा. आतला चपटा गर अखंड निघाला पाहिजे. तो आठवडाभरात उगवतो. न फोडलेली बी तीन-चार आठवडे घेते.

बाभूळ : उन्हाळ्यात मण्यांच्या माळेसारख्या शेंगा पिकतात. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवायचं, त्यात बिया टाकायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हे काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या. सकाळी फुगलेल्या बिया पेरा. आणखी एक सोपी युक्ती आहे. शेळी शेंगा खाते आणि रवंथ करताना बिया तोंडातून टाकते. त्या बिया चांगल्या उगवतात. म्हणजे रोपं खाणारी शेळीच आपल्याला कुंपणाचं बी तयार करून देते!

सागरगोटा : मुली खेळतात तोच राखी, गुळगुळीत गोटा. तो एका बाजूने खडबडीत दगडावर घासा. आतला फिकट भाग दिसला की थांबा आणि फुगेपर्यंत पाण्यात ठेवा. याची काटेरी वेल इतर झाडांत गुंतून कुंपण घट्ट करते.

करवंद : हिचं बी साठवून ठेवायचं नाही. फळ खाल्लं की ताजी बी धुऊन लगेच पेरायची.

पेरणी आणि निगा

आपली काळी माती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणून त्या मातीत थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. बोर-बाभळीचं मूळ सरळ खोल जातं आणि उपटून लावताना तुटतं. तेव्हा पाऊस नीट लागला की जागेवरच पेरणं उत्तम. दोन ओळी कराव्यात. ओळीत एकेका फुटावर दोन-दोन बिया, एक बोट खोल. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीच्या दोन रोपांमध्ये यावं.

रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा छाटा. छाटायला जीव होत नाही, पण छाटल्याशिवाय बुडाशी फांद्या फुटत नाहीत, आणि शेळी शिरते ती बुडाशीच! पहिली दोन-तीन वर्षं बाहेरून वाळल्या काट्यांचा आडोसा लागेल. त्यानंतर कोयता ठेवून द्यायचा.

हिशोब करा

एका मीटरला दोन्ही ओळी मिळून साधारण 6 जागा. 50 मीटरला 300 जागा. प्रत्येक जागी 2 बिया, म्हणजे 600 बिया. वर्गात 30 मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला 20. सांगा, वीस बोरं खाणं कुणाला जड आहे?

करून पाहा

1. बोराच्या 10 अखंड आणि 10 फोडलेल्या बिया वेगवेगळ्या डब्यांत पेरा. कोणती बी किती दिवसांनी उगवली ते वहीत लिहा.
2. बाभळीच्या 10 बिया तशाच पेरा, 10 गरम पाण्यातून काढून पेरा आणि 10 गोठ्यातून वेचून पेरा. कोणत्या जास्त उगवल्या?
3. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी बांधावर कोणती झाडं होती? त्यांची नावं लिहून आणा. पुढच्या अंकात ती यादी इथेच लावू.