टाळ्या कोणासाठी?

आमखास मैदानावरचा आमचा सामना संपला. आम्ही हरलो होतो. समोरच्या संघातील गोलंदाजाने आमचे सहा गडी बाद केले होते.

"त्याच्यासाठी तू टाळ्या का वाजवल्यास?" मित्राने मला रागाने विचारले.

सर जवळच उभे होते. ते म्हणाले, "मुलांनो, एजाज पटेलची गोष्ट ऐका. त्याचा जन्म मुंबईचा. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये तो मुंबईच्याच वानखेडे मैदानावर भारताविरुद्ध खेळला. पहिल्या डावात ११९ धावा देऊन त्याने भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले! कसोटी सामन्यात असा पराक्रम त्याआधी दोघांनीच केला होता. १९५६ साली इंग्लंडच्या जिम लेकरने आणि १९९९ साली आपल्या अनिल कुंबळेने. एजाजसाठी भारतीय खेळाडूंनी उभे राहून टाळ्या वाजवल्या."

"मग न्यूझीलंड जिंकले का?"

"नाही. त्यांचा पहिला डाव ६२ धावांत आटोपला. भारत ३७२ धावांनी जिंकला."

"जिंकल्यावर टाळ्या वाजवणे सोपे असते, सर!"

"पण टाळ्या वाजल्या, तेव्हा निकाल कुठे लागला होता?" सर हसून म्हणाले.

मित्र गप्प झाला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तो गोलंदाज स्टंप गोळा करत होता. मित्र उठला आणि त्याच्याकडे चालू लागला.

शब्दार्थ : पराक्रम – मोठी कामगिरी, आटोपणे – संपणे.

प्रश्न : मित्र गप्प का झाला? तो गोलंदाजाला काय म्हणाला असेल?